चावीपासून तुरुंगापर्यंत : लिस्बनमधले आठ दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

लिस्बनच्या जुन्या अल्फामा वस्तीतल्या चिंचोळ्या जिन्याच्या तोंडाशी घरमालकीणबाई आमची वाट बघत उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, काळा स्वेटर, कमरेला ॲप्रन. त्यांना इंग्रजी चार शब्द येत होतं, आम्हाला पोर्तुगीज तेवढंच. त्यांनी ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढून ह्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आ शाव्ह."

"चावी!" हे एकदम म्हणाले. ह्यांचं गाव वेंगुर्लं. तिकडे चावीच म्हणतात. माझं माहेर वाईचं, आम्ही किल्ली म्हणणारे.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दरवर्षी परभाषांतून आलेले शब्द हा धडा यायचा आणि मी फळ्यावर लिहायचे, पोर्तुगीज : चावी, पगार, बटाटा, साबण, कोबी, हापूस, घमेले, बिजागरी, तुरुंग. मुलं पाठ करायची, परीक्षेत दोन गुणांना प्रश्न यायचा, आणि तो धडा तिथेच संपायचा. त्या यादीतला पहिला शब्द असा कोणीतरी हातावर ठेवील असं वाटलं नव्हतं. पुढचे आठ दिवस मी ती यादीच शोधत हिंडले.

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही, मध्ये एकदा बदलावं लागतं. विमानतळावरूनच मेट्रो मिळते. स्टेशनातल्या यंत्रातून नाव्हेगांत नावाचं कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरा. मेट्रो, ट्राम, बस, नदीवरची फेरीबोट, सगळीकडे तेच चालतं. दोघांत एक कार्ड चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं लागतं. आणि अल्फामात राहणार असाल तर चाकांच्या बॅगेचा मोह सोडा. तिथे रस्ता म्हणजे पायऱ्या.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेत गेलो. काउंटरवर उभं राहून इवल्याशा कपातून कॉफी प्यायची, तिला इथे बिका म्हणतात. दूध घातलेली, उंच ग्लासातली हवी असेल तर गालांव. सोबत तोर्रादा मागवला, म्हणजे जाड पावाचे बोटभर रुंदीचे तुकडे, दोन्ही बाजूंनी भाजलेले आणि लोण्यात न्हालेले. काचेच्या कपाटात समोसे दिसले. नाव शामुसा. गोवा आणि मोझांबिकमार्गे आलेला हा समोसा लिस्बनच्या कॅफेंत अगदी घरचा झाला आहे. पण शाकाहारी मंडळींनी जपून राहावं, आत बहुधा मांस किंवा कोंबडी असते. मी विचारलं म्हणून वाचले. ह्यांनी दोन खाल्ले.

निघताना बिल मागायला ह्यांनी हातानेच खूण केली, तर काउंटरमागची मुलगी म्हणाली, "पगार?" पगार म्हणजे त्यांच्याकडे पैसे देणं. द्यायच्या क्रियेचा शब्द आपल्याकडे येऊन घ्यायची गोष्ट झाला.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी कैश दु सोद्रे स्टेशनासमोरच्या रिबेरा मार्केटमध्ये गेलो. १८८२ सालचं हे मार्केट. त्याच्या अर्ध्या भागात आता नामांकित शेफ मंडळींचे स्टॉल आणि लांबलचक बाकं आहेत. तिथे गर्दीही फार आणि भावही चढे. दुसऱ्या अर्ध्यात मात्र अजून खरी भाजी आणि खरे मासे मिळतात, आणि तिथे सकाळीच जायला हवं.

ह्यांचा मासळीकडे मोर्चा, माझा भाजीकडे. एका बाईंच्या टेबलावर बटाट्याचे चार प्रकार होते, पाटीवर बताता लिहिलेलं. शेजारी अननस, पाटीवर अनानाश. मग हिरव्यागार, हाताएवढ्या लांब पानांची जुडी दिसली आणि पाटी कोव्हची. हाच आपला कोबी. पण हा गड्डा नव्हे, सुट्ट्या पानांचा. बाईंकडे हाताने फिरवायचं एक लोखंडी यंत्र होतं, शेवयाच्या यंत्रासारखं. त्यांनी सात-आठ पानं एकावर एक ठेवली, घट्ट गुंडाळून सुरळी केली, नळीत खुपसली आणि दांडा फिरवायला लागल्या. पलीकडून केसासारखी बारीक हिरवी शेव सांडायला लागली. एका मिनिटात पिशवी भरली. याचंच काल्दु व्हेर्द नावाचं सूप करतात. बटाटा शिजवून घोटायचा, त्यात ही शेव टाकून एक उकळी आणायची आणि वरून ऑलिव्ह तेल घालायचं. मी ती पिशवी विकत घेतली. संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात ते सूप केलं, वरून लसणीची फोडणी मात्र आपली. हॉटेलात मागवलंत तर त्यात सॉसेजचा एक काप तरंगत येतो, तेव्हा आधीच "सें कार्न", मांसाशिवाय, असं सांगून ठेवा.

दुपारी शियादू भागात गेलो. गार्रेत रस्त्यावरच्या, १७३२ साली सुरू झालेल्या बेर्त्रांद या पुस्तकांच्या दुकानात तास गेला. अजून चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं पुस्तकाचं दुकान म्हणून त्याची ख्याती आहे. कमानीमागून कमानी, प्रत्येक कमानीखाली एक दालन. जवळच १९०५ सालचं ब्राझिलेइरा कॅफे आहे. बाहेर कवी फर्नांदु पेसोआ यांचा ब्राँझचा पुतळा बसलेला आहे, शेजारी रिकामी ब्राँझची खुर्ची. लोक फोटोसाठी रांग लावतात. आम्ही आत जाऊन काउंटरवर बिका घेतली. बाहेरच्या टेबलावर बसलं की तीच कॉफी महाग पडते, हे बऱ्याच ठिकाणी लागू आहे.

मग कार्मु मठ. लिस्बनमध्ये एकच जागा बघायला वेळ असेल तर मी ही सांगेन. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली. तेव्हा भूकंप झाला. मागोमाग नदीतून लाट आली आणि देवापुढच्या मेणबत्त्यांनी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. या चर्चचं छप्पर कोसळलं. पुढे दुरुस्तीला सुरुवात झाली, पण ती अर्ध्यावरच राहिली. आज दगडी कमानींच्या बरगड्या तेवढ्या उभ्या आहेत आणि वर थेट आकाश. आम्ही गेलो तेव्हा ढग वेगाने सरकत होते, त्यामुळे कमानीच चालल्यासारख्या वाटत होत्या. जिथे बाकं असायची तिथे हिरवळ आहे. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

भूकंपानंतर राजाचे मंत्री मार्केश द पोंबाल यांनी खालचं शहर सरळ रेषांत नव्याने बांधून घेतलं. इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडा घातला, त्याला गायोला म्हणजे पिंजरा म्हणतात. धक्का बसला तर तो लवचीकपणे हलावा ही कल्पना. ह्यांनी आयुष्यभर बांधकाम खात्यात नोकरी केली, तेव्हा ह्या पिंजऱ्यावर मला रस्ताभर व्याख्यान मिळालं. गल्ल्यांना धंद्यांची नावं : चांदीवाल्यांची, चांभारांची, कापडवाल्यांची. आपल्या पुण्यातली तांबट आळी, बुरूड आळी आठवली.

रोस्सियू चौकात भाजलेल्या चेस्टनटच्या गाडीचा धूर पसरला होता. ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम. मीठ लावून भाजल्याने त्यांच्यावर राखेसारखा पांढरा थर येतो. गरम असतानाच सोलायचे, चव साधारण रताळ्याच्या जवळची. मला ते इतके आवडले की पुढे रोज घेतले.

तिसरा दिवस, रविवार

आजचा दिवस अल्फामात पायी. सान्ता लुझियाच्या सज्जातून खाली लाल कौलं आणि पलीकडे समुद्रासारखी रुंद तेजू नदी दिसते. कौलं अगदी कोकणातल्या घरांवर असावीत तशी, ह्यांचा पाय तिथून निघेना.

सेच्या, म्हणजे मुख्य कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर होतो तेव्हा घंटा वाजली. जड, लांबत जाणारा आवाज. माझ्या अंगावर काटा आला, कारण हा आवाज मला लहानपणापासून ओळखीचा. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अशीच घंटा आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या, त्यांतली ती एक. आम्ही मुली टाचा उंचावून तिला हात लावायचो. ती कोणाची, कोणत्या गावाला वाजायची, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. से सुद्धा ११४७ मध्ये मूर राजवटीकडून शहर जिंकल्यावर, जुन्या मशिदीच्या जागी उभं राहिलं असं सांगतात. बराच वेळ मी त्या पायऱ्यांवर बसून राहिले.

दुपारी पावसाने गाठलं. इथले फुटपाथ पांढऱ्या-काळ्या दगडांच्या बारीक तुकड्यांचे, वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत. पाऊस पडला की त्यांच्यावर पाय ठरत नाही. रबरी तळव्याचे, खाचा असलेले बूटच न्या, चपला-सँडल नकोत. मी भिंतीला धरून उतरले, हे मात्र मला सावरता सावरता पूर्ण भिजले. रात्री कणकण आली.

मालकीणबाईंना वरच्या मजल्यावर खोकला ऐकू गेला असावा. दार वाजलं तर त्या झाकलेलं भांडं घेऊन उभ्या. "कांजा," म्हणाल्या. कोंबडीच्या रश्शात शिजवलेला मऊ, पातळ भात. ह्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाले, "अगं, ही तर पेज!" खरंच तशी. मलबारातली कंजी पोर्तुगीज खलाशांबरोबर इकडे आली आणि कांजा झाली. पोर्तुगालमध्ये आजारी माणसाला, बाळंतिणीला हीच देतात. बाईंनी ह्यांच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. माझ्या सासूबाई बघायच्या तसाच, हाताच्या पाठीने.

चौथा दिवस, सोमवार

सोमवारी लिस्बनमधली बहुतेक संग्रहालयं बंद असतात, जेरोनिमुश मठही. आखणी करताना हे नक्की लक्षात ठेवा. ह्यांना विश्रांती हवी होती, म्हणून दिवस हलकाच ठेवला. सकाळी लवकर मार्तिं मोनिझ चौकातून अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम पकडली. आठच्या आत गेलात तर बसायला मिळतं, नंतर तासभर रांग आणि आत खिसेकापूंची चांदी. लाकडी बाकं, पितळी मुठी, आणि भिंतींना इतकी घासून जाणारी वाट की हात बाहेर काढला तर कुणाच्या दाराची कडी वाजवता येईल.

त्या चौकाच्या मागच्या गल्ल्यांत बांगलादेशी, पंजाबी, गुजराती दुकानांची रांग आहे. तिथे मला कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि पोहे मिळाले. घरच्या जेवणाची आठवण येणाऱ्यांनी तिथे जावं. तिथल्याच एका लहानशा गोव्याच्या खानावळीत जेवलो. ह्यांनी शाकुती घेतली, मी डाळ-भात. शेवटी दोघांनी मिळून बिबिंकाची एक वडी. थर मोजले, सात होते.

दुपारी दहा मिनिटांच्या बोटीने पलीकडच्या कासिल्याशला जाऊन आलो. बोटीतून २५ एप्रिलचा लाल पूल दिसतो. १९६६ मध्ये तो बांधला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. १९७४ च्या २५ एप्रिलला सैनिकांनी ती राजवट उलथली, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली, आणि पुलाचं नाव बदललं. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, गोवा मुक्त होऊन तेरा वर्षं झाल्यावर, पोर्तुगालने तो भारताचा असल्याचं करारावर सही करून मान्य केलं.

पाचवा दिवस, मंगळवार

मंगळवारी आणि शनिवारी सान्ता क्लाराच्या मैदानात फेइरा दा लाद्रा भरते. लाद्रा म्हणजे चोरी करणारी बाई, तेव्हा आपला चोर बाजारच. जमिनीवर चादरी पसरून मांडलेलं सामान : जुने कुलपांचे जुडगे, चष्म्याच्या फ्रेमा, तुटक्या बाहुल्या, सैन्यातल्या टोप्या. एका म्हाताऱ्या विक्रेत्याजवळ लाकूड कोरून केलेलं उथळ, लांबट पात्र होतं. विचारलं तर म्हणाला, "गामेला." घमेलं! आपलं पुढे लोखंडाचं झालं आणि सिमेंट वाहायला लागलं. ह्याच्यात कधीकाळी कणीक तिंबत असतील. आतून हाताच्या घासण्याने ते इतकं मऊ झालं होतं की मी परत परत त्याच्यावरून बोट फिरवलं. विमानातून आणण्याजोगं नव्हतं, नाहीतर घेतलंच असतं. बिजागऱ्यांची तर टोपलीच होती.

ह्यांना एका खोक्यात गोव्याची जुनी पोस्टकार्डं सापडली. त्यांतल्या एकावर नोव्हा गोवा, म्हणजे पणजी. मांडवीचा काठ, एक गलबत, झाडाखाली पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं. तीन युरोला ते घेतलं. या बाजारात सुट्ट्या जुन्या टाइल्सही भरपूर विकायला असतात. कितीही मोह झाला तरी त्या घेऊ नका. जुन्या इमारतींच्या भिंतींवरून उचकटून चोरलेल्या टाइल्स अशाच विकल्या जातात, आणि मग शहरात घरांच्या भिंतींवर खड्डे दिसतात.

टाइल्स बघायच्या तर आझुलेजु संग्रहालयात. १५०९ मध्ये स्थापन झालेल्या एका जुन्या मठात ते आहे. वरच्या मजल्यावर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर रंगवलेलं सन १७०० च्या सुमाराचं लिस्बन आहे, तेवीसेक मीटर लांब. भूकंपाच्या आधीचं शहर. नदीकाठचा राजवाडा, जहाजं, चर्चं, माणसं. आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेलो. परवा जो कार्मु मठ बिनछपराचा पाहिला होता, तो इथे अखंड होता.

रात्री फादू, म्हणजे इथली गाणी, ऐकायला गेलो. आमच्याच गल्लीच्या खाली वीस-बावीस खुर्च्यांची जागा. दिवे मंद केले, वाढणारी माणसं आहेत तिथे थांबली, आणि मध्यमवयीन बाईंनी डोळे मिटून गायला सुरुवात केली. बारा तारांची पोर्तुगीज गिटार त्यांच्या आवाजाला मागून उत्तर देत होती. शब्द एकही कळत नव्हता. गाणं चालू असताना बोलायचं नाही, चमचा वाजवायचा नाही, हा नियम सगळे पाळतात. जेवणाआधी टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आपोआप येऊन पडतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

सहावा दिवस, बुधवार

पंधरा नंबरच्या ट्रामने बेलें या नदीकाठच्या भागात गेलो. दार उघडण्याच्या आधी अर्धा तास पोचूनही जेरोनिमुशला आमच्यापुढे शंभरएक माणसं होती. १५०१ मध्ये या मठाचं काम सुरू झालं, आणि त्याचा खर्च बराचसा मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून निघाला. दगडात कोरलेले दोरखंड, शिंपले, पोवळी, खांबांवर चढलेल्या वेली. इतकं नाजूक काम की दगड हे विसरायला होतं. पण मी हात लावून बघत होते तेव्हा डोक्यात मलबारचं मिरं होतं.

चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची समाधी, उजवीकडे कवी कामोइंशची. वास्को १५२४ मध्ये कोचीत वारला. आम्ही तिथे उभे होतो त्याला पाचशे वर्षं पुरी होत होती. दगडी पुतळा हात जोडून निजलेला. शाळेत आम्ही त्याचं नाव शोध लावणारा म्हणून शिकलो आणि तसंच शिकवलं. तिथे उभी असताना मला वाटलं, धडा नव्याने शिकवायला मिळाला तर आधी मुलांना विचारेन, जिथे माणसं राहत होती, बाजार भरत होते, त्या किनाऱ्याचा शोध कसा लागतो?

नदीकाठी शोधयात्रींचं उंच स्मारक आहे, जहाजाच्या नाळेसारखं. पायाशी फरशीत जगाचा नकाशा आणि कुठे कधी पोचले त्याची सालं. भारताच्या किनाऱ्याशी १४९८. ह्यांनी नकाशावर गोव्याच्या जागी बूट टेकवला. म्हणाले, "हे १९६० मध्ये उभारलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात आपलं सैन्य गोव्यात शिरलं." राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या बागेत खांबावर अफोंसु द आल्बुकेर्क उभा आहे. १५१० मध्ये गोवा जिंकणारा. आमच्या वेंगुर्ल्याच्या बागेतल्या कलमांवर त्याचंच नाव आहे, अफोंसुचा हापूस झालेला.

बेलेंचे पाश्तेल मात्र चुकवू नका. १८३७ पासून एकच दुकान. पानासारख्या पदरांची खुसखुशीत वाटी आणि आत अंड्याच्या बलकाचं गरम कस्टर्ड, वरून दालचिनी. मी अंडं एवढ्यापुरतं खाते. मठांमध्ये कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग लागायचा आणि उरलेल्या बलकाची अशी पक्वान्नं झाली, असं सांगतात. बाहेरच्या रांगेला घाबरू नका, ती बांधून नेणाऱ्यांची असते. आत मागे एकामागून एक खोल्या आहेत, तिथे बसायला पटकन जागा मिळते.

सातवा दिवस, गुरुवार

हा दिवस ह्यांनी मुंबईहून निघण्याआधीच ठरवला होता.

सेला लागूनच आल्जुबे आहे. अरबीत जुब म्हणजे विहीर, त्यावरून नाव. सालाझारच्या काळात हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, २०१५ पासून तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं संग्रहालय आहे. तिथल्या एकांत कोठड्या जेमतेम एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब. कैदी त्यांना गुरांचे गोठे म्हणायचे. पुनर्रचना केलेल्या एका कोठडीत हे आत जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पसरायला गेले तर कोपरं भिंतींना लागली.

ह्यांचे वडील १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रही म्हणून पत्रादेवीच्या हद्दीवरून गोव्यात शिरले होते. गोळीबारातून वाचले, पण दंडुक्यांचा मार बसला. उजवा खांदा पुढे आयुष्यभर वर जात नसे. घरात त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. वरच्या कप्प्यातलं काही हवं असलं की ह्यांना हाक मारायचे, तेवढंच.

दुपारी कैश दु सोद्रेहून काश्काइशच्या लोकलने काशियाशला उतरलो, नदीच्या कडेकडेने वीसेक मिनिटं लागतात. पर्यटक इथे कोणी उतरत नाही. टेकडीवर तुरुंग आहे, आजही तुरुंगच. आत जाता येत नाही आणि जाण्यासारखं काही नाही. सांगलीचे मोहन रानडे इथे होते. गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेलेले, आझाद गोमंतक दलात काम करणारे. १९५५ मध्ये पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि पुढे त्यांना पोर्तुगालला आणलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा ते इथेच होते. सुटले १९६९ च्या जानेवारीत. गोवा सुटल्यावरही सात वर्षं.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. वारा जोराचा होता, खाली तेजू समुद्राला मिळताना दिसत होती. ह्यांनी टोपी काढली आणि काही वेळ तसेच उभे राहिले. मी फळ्यावर बटाटा, साबण, कोबीच्या पुढे स्वल्पविराम देऊन तुरुंग लिहायचे. पोर्तुगीज त्रोंकुवरून आलेला शब्द, इतकंच सांगायचे. रानडेही मराठीच शिकवत होते. त्यांनीही हा शब्द कुठल्यातरी फळ्यावर लिहिला असेल.

परतल्यावर मालकीणबाईंनी वर चहाला बोलावलं. त्यांची नात आली होती, तिला इंग्रजी येत होतं. दिवसभर कुठे गेला होता, असं विचारलं, तेव्हा ह्यांनी खरं ते सांगितलं. वडिलांबद्दलही सांगितलं. नात भाषांतर करत होती, बाई ह्यांच्याकडे बघत होत्या. मग त्या उठल्या आणि खणातून एक फोटो घेऊन आल्या. अर्ध्या चड्डीच्या गणवेशातला विशीतला मुलगा, मागे माडाची झाडं. त्यांचा थोरला भाऊ. मागच्या बाजूला फिकट शाईत एकच शब्द, पोंडा. गोव्यात सैनिक होता. डिसेंबर १९६१ मध्ये पकडला गेला, काही महिने फोंड्याच्या छावणीत युद्धकैदी, मग १९६२ मध्ये कराचीमार्गे बोटीने परत. शेवटच्या माणसापर्यंत लढा असा सालाझारचा हुकूम होता. शरण आलेले म्हणून बंदरावर त्यांचं स्वागत बंदूकधारी लष्करी पोलिसांनी केलं. आई धक्क्यावर उभी होती, तिला जवळ जाऊ दिलं नाही. भाऊ दहा वर्षांपूर्वी गेला. छावणीतला एक भारतीय शिपाई त्याला विडी द्यायचा, एवढीच एक गोष्ट तो सांगायचा.

ह्यांनी पिशवीतून मंगळवारचं ते पोस्टकार्ड काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते फोटोशेजारी उभं करून ठेवलं.

आठवा दिवस, शुक्रवार

विमान दुपारचं होतं. सकाळी बाईंनी मार्मेलादाची बरणी आणून दिली, ऑक्टोबरात निघणाऱ्या क्विन्स फळाची त्यांनी घरी केलेली घट्ट वडी. विटकरी रंगाची, आपल्या पेरूच्या चीजसारखी. ती चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या सामानात सुरक्षा तपासणीला अडवतात.

मी चावी परत केली. बाईंनी ह्यांच्या हातात घडी केलेला कागद दिला. भावाचं नाव, पलटणीचा क्रमांक आणि खाली पोंडा. नातीने सांगितलं, ती छावणीची जागा अजून आहे का, असली तर तिथे आता काय आहे, हे आजीला बघायचं आहे.

डिसेंबरात वेंगुर्ल्याला जायचंच आहे. तिथून फोंडा दोन-अडीच तासांवर. कागद ह्यांच्या पाकिटात आहे.